माया

कोपरी म्हणजे ठाणे स्टेशनच्या पूर्वेची वस्ती, आणि कोपरी म्हणजे अंगात घालायची बंडीसुद्धा. जुनी माणसं कोपरी अंगात घालीत, आम्ही कोपरीत राहतो. तेव्हा शिवणकामावर चार शब्द बोलायचा अधिकार आम्हांला पत्त्यानेच दिलेला आहे.

तुकडे जोडायची विद्या फार जुनी. मगधातली बांधाबांधांची शेतं दाखवून बुद्धांनी आनंदाला भिक्षूंचं चीवर तसं करता येईल का विचारलं, आणि त्यानं ते जोडल्यावर त्याचं कौतुक केलं, असं विनयपिटकात आहे. आमच्या आईनं जन्मभर गोधड्या शिवल्या, वडील प्रत्येक वेळी एवढंच म्हणाले, "पायाला पुरत नाही."

आईच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर आणि वर ठिगळं. कोपऱ्याला कोपरा जुळो न जुळो, सगळ्यावरून धावदोरा फिरला की झालं. थंडी काही पट्टी घेऊन येत नाही, हा तिचा सिद्धान्त.

शेजारच्या सिंधी अम्मांना तो मान्य नव्हता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कोपरीत मोठी वसाहत झाली, त्यांतल्या त्या. त्यांच्याकडच्या गोधडीला रल्ली म्हणतात. तिच्यात चार चौकोनांची टोकं एका बिंदूत भेटलीच पाहिजेत. "ताई, एक सूत गेला तर सारी रल्ली गेली!" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दर शिवणीला एक सूत ढळलं, तर आठ शिवणींत अख्खा इंच. सुतावरून स्वर्ग गाठतात, तसा नरकही गाठता येतो.

अम्मा कापड कापत नसत, फाडत. फाडलं की ते धाग्याच्या सरळ रेषेत फाटतं. (१९४७ साली देश फाडताना धागा कुणी पाहिला नाही, असं त्या एकदाच म्हणाल्या.) शिवणीपलीकडे जे कापड सोडतात त्याला शिंपी 'माया' म्हणतात. अम्मांची माया सगळीकडे पाव इंच; लाडक्या तुकड्यालाही जास्त नाही. दोन पट्ट्या जोडताना एकीची माया डावीकडे मोडायची, दुसरीची उजवीकडे. मग शिवणी एकमेकींत अडकून घट्ट बसतात. दोन्ही एकाच बाजूला झुकल्या की तिथं टेंगूळ! हा नियम सोसायटीच्या कमिटीलाही लागू पडतो.

माया न ठेवता केलेला जोड पाहायचा, तर आमचा रेल्वेवरचा पूल होता. दोन्ही अंगांना ऐसपैस द्रुतगती महामार्ग आणि मध्ये चिंचोळा पूल. २०२३ साली रुंदीकरण पुरं झालं, तोवर कोपरीकरांनी त्या शिवणीवर अर्धं आयुष्य काढलं.

शेवटी आई आणि अम्मांनी मिळून एक पांघरूण केलं. वर अम्मांची रल्ली, आत आईच्या लुगड्यांचे थर, आणि सगळ्यातून धावदोरा दोघींचा. कुठला टाका कुणाचा, हे आता सांगता येत नाही. चारी टोकं मात्र अजून एका बिंदूत आहेत.

पायाला पुरत नाही, ते सोडा.