बुळकांडी कशी गेली



वाशीमकडच्या एखाद्या तरुणाला बुळकांडी म्हणजे काय, ते विचारून पाहा. बहुधा तो आजोबांकडे बोट दाखवील. आजोबा मात्र सांगतील. जनावराला सडकून ताप भरायचा, डोळे गळायचे, तोंडात चट्टे पडायचे आणि मग घाण वासाची पातळ हगवण लागायची. आठ-दहा दिवसांत खेळ आटोपे. आपल्या काळ्या जमिनीत वखर ओढायचा तो बैलांनीच. मृगाच्या तोंडावर जोडी गेली, म्हणजे ते वर्षच गेले!

या रोगावर संशोधन व्हावे म्हणून 1889 साली पुण्यात प्रयोगशाळा निघाली. 1893 साली ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. तेथेच 1920 नंतरच्या दशकात एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांमधून पुन्हापुन्हा नेऊन मवाळ केला, आणि त्याचीच लस झाली.

1954 साली देशभर निर्मूलनाची योजना आली. खरी अडचण पुढेच होती. आजारी जनावराला औषध द्यायला कोण नाही म्हणतो? पण धडधाकट बैलाला सुई कशाला? ही शंका अगदीच वेडगळ नव्हती, कारण त्या लशीने काही जनावरांना ताप येई. तरी लोकांनी जनावरे पुढे केली, हे मला लशीच्या शोधाइतकेच मोठे वाटते. लस लागलेल्या जनावराला रोग सहसा होत नसे, आणि जनावराबाहेर हा विषाणू फार तग धरीत नसे. नवे जनावर मिळेना, तसा तो संपला. भारतातली शेवटची लागण 1995 ची. 2011 साली सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. माणसातल्या देवीनंतर पृथ्वीवरून उठलेला हा दुसराच रोग.

मग 2022 साली महाराष्ट्रात लम्पीची मोठी साथ आली. ताप, अंगभर गाठी, पायांना सूज. गंमत अशी, की या वेळीही शेळीच कामी आली. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचली गेली. मात्र बुळकांडी जनावराच्या जवळिकीने पसरे, लम्पी पसरतो तो मुख्यतः माशा, डास आणि गोचिडांमुळे. म्हणून कोठ्यातला शेणकचरा दूर न्यावा, गोचिडांचा बंदोबस्त करावा. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्यावी. आणि एखादे जनावर चारा सोडून उभे राहिले, तर त्या दिवशी त्याला आखरावर सोडू नये. वेगळे बांधावे आणि गुरांच्या दवाखान्यात कळवावे.