फिरंग कशी ओळखावी?

श्रोते हो, दसरा आला की आपल्या नाशिककडच्या जुन्या वाड्यांतून एखादी गंजकी तलवार पूजेस निघते. घरची वडीलधारी माणसे सांगतात, ही आमच्या मूळपुरुषाची. असेलही! पण तलवारीलाच विचारून पाहिले तर?

पाते सरळ आहे, त्यावर लांब पन्हळी आहेत, असे दिसले तर ते बहुधा विलायती समजावे. अशा तलवारीला आपले लोक ‘फिरंग’ म्हणत. सतराव्या शतकात युरोपी गलबतांतून नुसती पाती येत आणि मूठ इथला कारागीर चढवी. पाते फिरंग्याचे, मूठ मराठ्याची, असा हा सोयरसंबंध. जर्मनीतले झोलिंगेन हे पात्यांचे मोठे ठाणे. तिथल्या पुष्कळ पात्यांवर धावता लांडगा कोरलेला असतो. मात्र चिन्हावर डोळे झाकून विसंबू नये. आंद्रेआ फेरारा या नामांकित इटालियन कारागिराचे नाव झोलिंगेनवाल्यांनी खुशाल आपल्या मालावर ठोकले. नक्कल काही आजची नव्हे! इंग्रज आरमारी अधिकाऱ्यांचे आखूड खंजीर जमविणाऱ्यांनाही नुसत्या नांगराच्या खुणेवर भागत नाही. पाते, मूठ आणि म्यान मुळात एकमेकांचीच का, हे पाहावे लागते.

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना सोडवून आणली. तिचेही पाते युरोपी. मग ती भोसल्यांची कशावरून? पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव आहे, ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आहे, आणि ‘फिरंग’ हा शब्दसुद्धा! याउलट २०२४ साली लंडनहून साताऱ्यास आलेली वाघनखे पाहा. त्यांच्या पेटीवर ग्रँट डफला मिळाल्याचा मजकूर आहे, पण अफझलखानाच्या वेळची ती हीच, हे सिद्ध झालेले नाही, असे ती धाडणाऱ्या संग्रहालयानेच सांगितले. भावना आपल्या जागी, पुरावा आपल्या जागी.

म्हणून एक कळकळीची विनंती. पूजेआधी तलवार विटकरीच्या भुकटीने घासू नका. गंजाबरोबर अक्षरेही जातात, आणि अक्षरे गेली की उरते ती लोखंडाची पट्टी. तेलाचे फडके पुरे. शंभर वर्षांवरील अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती परदेशी विकता येत नाही, हेही घरात सांगून ठेवावे. शिक्षक मंडळींनी मुलांकरवी पात्याची लांबी सुताने मोजून घ्यावी, खुणेवर पातळ कागद धरून वर हलकेच पेन्सिल फिरवावी. ठसा उमटतो. त्याखाली गावाचे नाव आणि तारीख लिहावी.