सेन्सर मेला नाही, त्याला अडवलंय

आजचा भाग लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आहे, पण गोष्ट सगळ्यांना कळेल अशी आहे.

गोंदियात नवतपा तापलाय, कूलरही गरम हवा फेकतोय, आणि नेमकं अपडेटनंतर कॉम्प्युटर मदरबोर्डचं तापमान आणि पंख्याचा वेग दाखवायचं बंद करतो. मग वाटतं, चिप जळली. किंवा नवं कर्नलच बिघडलेलं आहे. बहुतेक वेळा दोन्ही अंदाज चुकतात. असं का, ते समजायला थोडं मागे जाऊ.

१९९० च्या दशकात मदरबोर्डवर नॅशनल सेमीकंडक्टरच्या एलएम७८ सारख्या चिपा आल्या. तापमान, व्होल्टेज आणि पंख्याचे फेरे मोजायचे, एवढंच त्यांचं काम. पण लिनक्सला त्या वाचता येत नव्हत्या. १९९८ च्या सुमारास फ्रोडो लोयार्ड, फिलिप एडेलब्रॉक आणि त्यांच्या सोबत्यांनी 'एलएम-सेन्सर्स' हा प्रकल्प उभा केला. आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे हा प्रकल्प वयाने जिल्ह्यापेक्षा थोडा मोठाच!

पुढे डिसेंबर २००३ मध्ये कर्नल २.६ आलं आणि हे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच येऊ लागले. पण चिपांशी बोलणं धोक्याचंही होतं. आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये नुसती चिप शोधताना एक मेमरी बिघडायची आणि लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. चुकीच्या जागी हात लागला, की असं होतं.

आता मुख्य भानगड. धान खरेदी केंद्रावर एकच वही आणि दोन कारकून आहेत असं समजा. पहिला रामरावांचं पान उघडतो. तो वजन लिहिणार, तेवढ्यात दुसरा पान पलटतो. वजन चढतं शामरावांच्या नावावर! सेन्सरच्या अनेक चिपांमध्ये असंच असतं. आधी कोणतं पान हवं ते सांगायचं, मग वाचायचं किंवा लिहायचं. इथे एक कारकून म्हणजे लिनक्सचा ड्रायव्हर. दुसरा म्हणजे बायोसमधला एसीपीआय कोड, जो मागे गुपचूप तीच चिप वापरत असतो. आकडा चुकला तर एक वेळ चालेल, पण लिहिताना गोंधळ झाला तर पंख्याची किंवा व्होल्टेजची सेटिंगच बदलू शकते.

म्हणून सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या २.६.३१ या कर्नलपासून नियम कडक झाला. बायोसने जी जागा आपली म्हणून सांगितली आहे, तिथे ड्रायव्हरला मज्जाव. कालपर्यंत चालणारे सेन्सर अचानक गायब झाले आणि लोक वैतागले. पण सेन्सर ठणठणीत होते, फक्त दारावर वॉचमन बसला होता.

मग करायचं काय? आधी कर्नलचा लॉग बघा. एसीपीआयशी 'कॉन्फ्लिक्ट' असं लिहिलेलं दिसलं, तर कारण हेच. इंटरनेटवर लगेच सल्ला मिळतो, 'एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस' हा पर्याय 'लॅक्स' करा, म्हणजे ढिला सोडा. आकडे परत येतातही. पण मग वॉचमन घरी गेला आणि दोन्ही कारकून पुन्हा एकाच वहीवर! त्यामुळे हा उपाय शेवटचा ठेवा.

त्याआधी आपल्या बोर्डासाठी बायोसच्याच मार्फत आकडे मागणारा ड्रायव्हर आहे का, ते शोधा. असुसच्या बऱ्याच बोर्डांना २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या ५.१६ कर्नलपासून अशी सोय मिळाली. म्हणजे एका कर्नलने बंद केलेली वाट पुढच्या कर्नलने रीतसर उघडून दिली. जुन्या कर्नलवर परत जाण्यापेक्षा कधी कधी आणखी नवं कर्नल घेणंच बरं पडतं.

आणि हो, आकडा दिसत नाही म्हणजे पंखा थांबला असं नाही. बहुतेक बोर्डांवर पंख्याचा कारभार बायोसच बघतो. तरी उन्हाळ्यात एकदा बायोस उघडून तापमान बघाच, आणि पंख्यावरची धूळही झटका.

तुमच्या बोर्डाचा काय अनुभव आहे, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!