झिजलेल्या वस्तू वाचताना

जुन्या घरातला पाटा पाहा. कडा अजून जाड आहेत, मधला भाग मात्र खोलगट झालेला. टाकी लावून घ्यावी आणि वरवंट्याने ती पुन्हा पुसून टाकावी, असे वर्षानुवर्षे चाललेले. दगड पाथरवटाने घडवला खरा, पण हा खळगा वाटण वाटणाऱ्या हातांचा. आणि आपण काही घडवतो आहोत हे त्या हातांच्या गावीही नव्हते. मग अशा आकाराला कला म्हणायचे का? झिजलेल्या वस्तूंच्या अभ्यासाची सुरुवात या प्रश्नापासून होते.

व्हिएन्नाचे कलेतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३ मध्ये ‘वयमूल्य’ ही कल्पना मांडली. वास्तूचा इतिहास ठाऊक नसलेल्यालाही तिच्या जीर्णतेतून काळ जाणवतो, असे त्यांचे म्हणणे. त्यातला पेचही त्यांनी ओळखला होता : ज्या झिजेमुळे वस्तू भावते, ती झीज रोखली की तो भावच अडतो.

कलावंतांनी या पेचातून आपापल्या वाटा काढल्या. जर्मनीत कुर्ट श्विटर्स यांनी १९१९ पासून ट्रामची तिकिटे आणि कागदाचे कपटे चिकटवून ‘मेर्त्स’ चित्रे केली. पॅरिसमध्ये जाक व्हिलेग्ले भिंतीवरची फाटकी पोस्टर्स उचलून आणत आणि फाडण्याचे श्रेय अनाम वाटसरूंना देत. चंदीगडचे रस्ते-निरीक्षक नेकचंद फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीचे तुकडे वापरून गुपचूप मूर्ती घडवत राहिले. त्यांचे रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्री अशा घरगुती वस्तूंना संग्रहालयात मानाची जागा दिली.

इथे एक पथ्य मात्र पाळावे लागते. गंजाचा रंग देखणा असतो, पोपडे उडालेल्या भिंतीचे छायाचित्र छान येते. पण मुंबईतल्या बंद गिरणीचा गंजलेला साचा पाहताना १९८२ चा गिरणी कामगारांचा संप आणि त्यानंतर उठलेले संसार विसरले, तर उरते ती निव्वळ सजावट.

नव्या अभ्यासकाला ग्रंथालयाआधी स्वयंपाकघरात जायला हरकत नाही. एखादा जुना लाकडी डाव हातात घ्या. तो सुंदर आहे का, हे नंतर ठरवू. आधी कोणती कड झिजली आणि कोणती शाबूत आहे, ते पाहा. पातेले ढवळणारी व्यक्ती उजव्या हाताची होती की डावखुरी, हे तो डाव सांगू लागेल.