यू-टर्न केव्हा घ्यावा? एका नियमाचा इतिहास, सोलापूरच्या वाटेने

१/ भारतात वाहने डाव्या बाजूने धावतात. त्यामुळे यू-टर्न घेणाऱ्यास समोरून येणाऱ्या वाहनांची वाट ओलांडावीच लागते. ही मुभा चालकास केव्हा असावी, हा प्रश्न कायद्याने टप्प्याटप्प्याने सोडवला.

२/ सोलापुरात ‘जुनी मिल’ १८७७ मध्ये उभी राहिली, तेव्हा पेठांमधील माल बैलगाड्यांतून जाई. दुचाकी बैलगाडी थोडक्या जागेत वळते. वळणे हे गाडीवानाचे कसब होते. त्यासाठी स्वतंत्र नियमाची निकड नव्हती.

३/ मोटारीने हे चित्र पालटले. १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने बेदरकार व निष्काळजी वाहन चालवणे गुन्हा ठरवले. १९३९ च्या कायद्याने डावी बाजू धरावी, उजवीकडे वळताना रस्त्याच्या मध्याजवळ यावे, असे नियम परिशिष्टात घातले.

४/ १९८८ च्या कायद्याखाली १९८९ मध्ये रस्त्याचे नियम आले. त्यांतील बारावा नियम यू-टर्नचाच होता. जेथे विशेष मनाई आहे तेथे आणि गजबजलेल्या रस्त्यावर यू-टर्न घेऊ नये. मुभा असेल तेथे उजव्या वळणासारखा हाताने इशारा करावा, आरशात मागे पाहावे आणि रस्ता सुरक्षित असेल तेव्हाच वळावे.

५/ यातील ‘गजबजलेला’ हा शब्द महत्त्वाचा. फलक मनाई स्पष्ट करतो. गर्दीचा निर्णय मात्र चालकाच्या विवेकावर राहतो. सात रस्त्यासारख्या चौकात पहाटे आणि सायंकाळी हा निर्णय एकच असू शकत नाही.

६/ २०१७ च्या नियमावलीने १९८९ च्या नियमांची जागा घेतली. दाट वाहतुकीबरोबरच महामार्ग आणि सलग पट्टा यांचाही मनाईत स्पष्ट उल्लेख झाला.

७/ पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावर याचा अर्थ उमगतो. दुभाजकामुळे समोरासमोरची धडक टळते, पण पलीकडच्या शेताकडे जाणाऱ्यास वळसा लांब पडतो. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळू लागला, तर दोन्ही बाजूंचा रस्ता काही काळ अडतो आणि वेगाने येणाऱ्यास थांबायला अंतर उरत नाही.

८/ लांब वळसा टाळण्यासाठी काही जण उलट्या दिशेने वाहन हाकतात. हा धोका यू-टर्नहूनही मोठा. म्हणून मनाईचा फलक लावणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी येते: सुरक्षित वळण्याची जागा वाजवी अंतरावर देणे. तशी जागा नसेल, तर नियम कागदावर पाळला जातो आणि रस्त्यावर मोडतो.