मुख्याध्यापकांची वही कोण वाचणार?

शाळेचं स्वयं-मूल्यमापन म्हटलं की आपल्याला लगेच २०१५ साली आलेली ‘शाळासिद्धी’ आठवते. सात क्षेत्रं, ४६ मानकं आणि प्रत्येक मानकावर आपली शाळा तीनपैकी कोणत्या स्तरावर आहे, हे शाळेनेच ठरवायचं. पण मुख्याध्यापकाने स्वतःच्या शाळेबद्दल काय लिहावं, हा प्रश्न बराच जुना आहे. इंग्लंडचं उदाहरण घेऊ.

१८६२ च्या ‘रिव्हाइज्ड कोड’ने तिथल्या अनुदानित प्राथमिक शाळांना लॉगबुक सक्तीचं केलं. त्यात नोंद करायचीच. अट अशी, की घडलेलं तेवढं लिहायचं. सर्वसाधारण मतं, चिंतन वगैरे नको. याच नियमावलीने अनुदान हजेरीशी आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेशी जोडलं. मूल एका विषयात नापास झालं, की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जायचे. आता सांगा, लॉगबुकात हजेरी, साथीचे आजार, पाऊस आणि सुगी इतक्या वेळा का येतात? ती नुसती दैनंदिनी नव्हती. पोरं का आली नाहीत, याचा तो खुलासाही होता.

पुढे चित्र उलटलं. १९७७ साली लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने ‘कीपिंग द स्कूल अंडर रिव्ह्यू’ ही पुस्तिका काढली. त्यात शाळेने स्वतःलाच विचारायचे प्रश्न होते. मग २००५ मध्ये शाळा तपासणाऱ्या ‘ऑफस्टेड’ने स्वयं-मूल्यमापनाचा फॉर्म आणला. १८६२ मध्ये जे मत नको होतं, तेच आता मागितलं जाऊ लागलं! फॉर्म भरायची कायद्याने सक्ती नव्हती, पण तपासणीची सुरुवातच त्यावरून व्हायची. साहजिकच तो तपासणीसाला डोळ्यांसमोर ठेवून भरला जाऊ लागला. लांबलचक कागदी काम अशी टीका झाली आणि २०११ मध्ये तो बंद झाला.

आपल्यासाठी यात काय आहे? असे फॉर्म आपण सरळ ‘डेटा’ म्हणून उचलतो. त्याआधी तीन प्रश्न विचारा: हे कोणी लिहिलं, कोण वाचणार होतं, आणि वाचणाऱ्याच्या हातात काय होतं? अनुदान किंवा श्रेणी त्याच्या हातात असेल, तर मुख्याध्यापक कमतरता मोकळेपणाने लिहितील का? म्हणून शाळा सुधारली का, हे फॉर्मातल्या स्तरावरून ठरवू नका. पुढच्या वर्षी वर्गात काय बदललं, ते जाऊन बघा.