पहिला कॅमेरा आणि काळोखी खोली

देवनारच्या एखाद्या हौशी तरुणास पहिला कॅमेरा घ्यावयाचा असला, म्हणजे तो भिंग आणि किंमत या दोहोंचाच विचार करतो. टिपलेलें चित्र आतां तत्काळ दिसत असल्यामुळें, तें उमटणार कोठें व कोणाच्या हातून, हा प्रश्न त्याला पडत नाहीं. परंतु मुंबईंतील पहिल्या हौशी मंडळींचें पुष्कळसें यशापयश याच प्रश्नावर अवलंबून होतें.

१८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या एतद्देशीय सभासदांपैकीं एक. त्या काळीं काचेस कलोडियनचा लेप द्यावा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावी, आणि ओली आहे तोंच चित्र घेऊन धुवावी, अशी रीत होती. मुंबईच्या उन्हाळ्यांत लेप वाळण्यास वेळ तो किती! म्हणून बाहेर जावयाचें तर कॅमेऱ्यामागोमाग काळोखा तंबूही न्यावा लागे.

पुढें १८९६ च्या ७ जुलै रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे व्यवसायानें छायाचित्रकार. त्यांस या चित्रांनीं वेड लावलें. त्यांनीं ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींस चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्यें हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. यंत्र हातीं आलें. पण फीत धुण्यासाठीं विलायतेस पाठवावी लागली. डाव साधला कीं हुकला, हें ती परत येईपर्यंत कळणें नाहीं! तरीही त्यांनीं हौस सोडली नाहीं. १९०१ मध्यें रँग्लर परांजपे मायदेशीं परतले, तो प्रसंगही त्यांनीं टिपला.

दादासाहेब फाळके १९१२ मध्यें विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या सल्ल्यानें त्यांनीं विल्यमसन कॅमेरा घेतला. पण तेवढ्यावर न थांबतां सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओंत सर्व कृति पाहून घेतल्या, आणि फितीस भोकें पाडण्याचें यंत्रही मागविलें. दादरच्या घरीं सरस्वतीबाई स्वतः फितीस भोकें पाडीत, रसायनें तयार करीत. भांडवलवाल्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनीं कुंडींतला वाटाण्याचा अंकुर सुमारें महिनाभर एकेक चित्र घेऊन टिपला. पडद्यावर रोप वाढतांना दिसलें, कर्ज मिळालें, आणि १९१३ च्या ३ मे रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशनमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला.

सावेदादांची दृष्टि उणी नव्हती. उणी होती ती घरची काळोखी खोली. म्हणून पहिला कॅमेरा घेणारानें सारे पैसे यंत्रांतच घालूं नयेत. कांहीं शिकण्यासाठीं, कांहीं चित्रें कागदावर उतरविण्यासाठीं राखावे. आणि पहिलें चित्र टिपण्यास दूर जाण्याचेंही कारण नाहीं. खिडकींतली कुंडी पुरे.